सीड प्लॉट आपला, पण वाण कोणाचं? तीन जणांच्या जॅझ अल्बममधून मालकीचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला आणि आकडेमोड घाईत झाली. म्हणून तोच धडा इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. मोबाइलवर वाचत असाल तर कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

विषय ऐकून काही जण हसतील. जॅझ गिटार! सळई, बियाणं, मोसंबी, डाळ मिल यांवर बोलणारा जालन्याचा माणूस एकदम जॅझवर कसा आला? सांगतो.

मागे एका कार्यशाळेनंतर तीन पोरं थांबली. एक जाफराबाद तालुक्यातला, एक अंबडचा, एक परतूरचा. तिघंही शिकायला पुण्याला होते, तिथेच ओळख झाली. एक गिटार वाजवतो, दुसरा बास, तिसरा ड्रम. नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवारी हॉटेलांत, कार्यक्रमांत वाजवतात. स्वतः बांधलेल्या आठ रचना तयार आहेत. गिटारवाल्याने मोबाइल पुढे केला.

"सर, एका कंपनीची ऑफर आलीय. रेकॉर्डिंगचा सगळा खर्च ते करणार. वर आम्हाला तिघांत मिळून ५० हजार देणार. सोमवारपर्यंत सही करून पाठवा म्हणतायत. करू का?"

मी विचारलं, "बदल्यात काय मागतायत?"

"काही विशेष नाही सर. रचना आणि रेकॉर्डिंग त्यांच्या नावावर राहणार. कायमचं."

मित्रांनो, या "काही विशेष नाही" साठीच आजचा धडा आहे. तुम्ही मसाले बनवा, कपड्यांचं डिझाइन करा, कोचिंगच्या नोट्स लिहा, नाहीतर ॲप बनवा. ही ऑफर कधी ना कधी तुमच्याही दारात येणार आहे.

आधी दोन मिनिटांत समजून घेऊ : जॅझ ट्रायो म्हणजे काय?

ट्रायो म्हणजे तिघांचा संच. गिटार ट्रायोत बहुतेक वेळा गिटार, बास आणि ड्रम असतात. गायक नाही, पियानो नाही. आपल्या शास्त्रीय संगीताशी तुलना करायची तर एक बंदिश ठरलेली असते आणि पुढचा विस्तार तिथल्या तिथे सुचत जातो. जॅझमध्येही एक ठरलेली धून असते. आधी ती वाजवायची, मग तिच्या चौकटीत राहून प्रत्येकाने आपापली भर घालायची आणि शेवटी पुन्हा धुनेवर यायचं.

यातली धंद्याची गोष्ट बघा. पियानो नसल्यामुळे गिटारवाल्याला धूनही वाजवावी लागते आणि तिला आधार देणारे कॉर्डही सांभाळावे लागतात. बासवाला नुसता ठेका धरत नाही, मधल्या रिकाम्या जागा भरतो. ड्रमवालाही नुसती लय देत नाही, गाण्याला वळण देतो. म्हणजे तीन माणसं पाच जणांचं काम करतात. सुरुवातीच्या काळातलं तुमचं दुकान असंच चालतं ना? जो माल आणतो तोच बिल बनवतो आणि संध्याकाळी डिलिव्हरीलाही तोच जातो.

माणसं कमी म्हणून खर्च कमी. आणि खर्च कमी असला की मालकी आपल्याकडे ठेवणं परवडतं. हे वाक्य वहीत लिहा, पुढे लागणार आहे.

धडा १ : एका अल्बममध्ये दोन मालमत्ता असतात

जालन्यात बियाण्याचा धंदा कोणाला समजावून सांगायची गरज नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथूनच महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आज आपल्या भागात कितीतरी शेतकरी वेगवेगळ्या कंपन्यांसाठी सीड प्लॉट घेतात.

सीड प्लॉटचा व्यवहार कसा असतो? कंपनी नर आणि मादी वाणाचं बी देते. शेतकरी ते लावतो, मजूर लावून फुलाफुलाचं क्रॉसिंग करून घेतो, बी काढून कंपनीला देतो. तपासणीत पास झालं की ठरलेल्या दराने किलोवर पैसे मिळतात. व्यवहार सरळ आहे, त्यात फसवणूक काही नाही. पण पुढच्या वर्षी तेच संकरित बी स्वतः तयार करून विकतो म्हणाल तर जमणार नाही. कारण मूळ वाण कंपनीचं आहे. कष्ट, जमीन, पाणी आपलं. वाण त्यांचं.

संगीतात हेच दोन थर असतात.

पहिला थर रचनेचा. म्हणजे धून, तिची बांधणी. हे झालं मूळ वाण. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात याला सांगीतिक कृती म्हणून वेगळी जागा आहे, आणि तिचा कर्ता म्हणजे संगीतकार. हा हक्क संगीतकाराच्या हयातीत राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं चालतो. हा गिटारवाला आज पंचविशीतला आहे. म्हणजे ही मालमत्ता त्याच्या नातवंडांपर्यंत जाऊ शकते.

दुसरा थर रेकॉर्डिंगचा. त्या वाणाचं एका हंगामात घेतलेलं पीकच म्हणा. धंद्यात याला 'मास्टर' म्हणतात. कायद्याने रेकॉर्डिंगचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. या हक्काची मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षं.

कंपनीला दोन्ही हवं होतं. मूळ वाणही आणि पीकही. तेही कायमचं, ५० हजारांत.

धडा २ : काम गाजलं, मालकी राहिली नाही

हे काही नवीन नाही. आपल्याच शेजारच्या गोव्याचं उदाहरण घ्या.

गेल्या शतकात गोव्याहून शेकडो वादक मुंबईला आले. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलेखन शिकलेले, ट्रम्पेट-व्हायोलिन-सॅक्सोफोनवर हात बसलेला. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत काम करायचे. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) सारख्या चित्रपटांत जो झोकदार पाश्चात्त्य ठेका आणला, त्या काळात चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाची त्यांना साथ होती. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन केलं. अँथनी गोन्साल्विस यांनी तर प्यारेलाल यांना शिकवलं. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव याच गुरूंचं.

ती गाणी आजही वाजतात. पण वादकांचा हिशोब रेकॉर्डिंगच्या दिवसाप्रमाणे व्हायचा. दिवस संपला, पैसे घेतले, घरी गेले. तबकडीवर त्यांचं नाव नसायचं आणि गाणं पुढे पन्नास वर्षं चाललं तरी त्यातला वाटा नसायचा. त्या वेळी रोजचं घर चालवायला तो पैसा गरजेचा होता, त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. पण मजुरी वेगळी आणि मालमत्ता वेगळी, हे त्यातून शिकायचं.

मी स्वतः हे शिकलो ते पैसे मोजून. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी प्रशिक्षणाची पुस्तिका लिहून दिली. १५ हजार मिळाले, खूश झालो, कागद न वाचता सही केली. पुस्तिका नंतर अनेक वर्षं छापली गेली. एकदा एका गावात कार्यक्रमाला गेलो, तर समोरच्या मुलाच्या हातात तीच पुस्तिका. आतली उदाहरणं माझी, तक्ते माझे, नाव कुठेच नाही. तक्रार कोणाकडे करणार? सही माझीच होती.

धडा ३ : कपाटात पडलेला माल

आता एका गिटारवादकाची गोष्ट. नाव अमान्सियो डिसिल्वा. मूळचे गोव्याच्या कुटुंबातले, जन्म १९३६ मध्ये मुंबईत. १९६७ मध्ये ते लंडनला गेले. आपल्याकडच्या सुरावटी आणि जॅझ यांची सांगड घालणारं स्वतःचं संगीत त्यांनी तिथे वाजवलं. १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' हा अल्बम आला, आणि त्याच वर्षी जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर 'हम दोनो'. नाव चक्क हिंदी. त्या काळात, लंडनमध्ये!

हे अल्बम केले डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने. या माणसाकडून धंदा शिका. त्या काळात मोठ्या कंपन्या स्वतः रेकॉर्डिंग करायच्या आणि स्वतःच विकायच्या. प्रेस्टनने वेगळा रस्ता धरला. आपल्या खर्चाने, आपल्या लॅन्सडाउन स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचं आणि तयार टेप मोठ्या कंपनीला वापरायला द्यायची. कारखाना, गाड्या, दुकानं त्यांची. टेप याची. म्हणजे शेत विकायचं नाही, बटईने द्यायचं.

पण मित्रांनो, यात वादक कुठे बसतो? डिसिल्वांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'कोकण डान्स' नावाचा आणखी एक अल्बम रेकॉर्ड केला. तो तेव्हा बाजारात आलाच नाही. १९९६ मध्ये डिसिल्वा वारले. अल्बम निघाला २००६ मध्ये. तीस वर्षांहून जास्त काळ माल तयार होऊन पडून होता आणि ज्याने बनवला तो माणूस तो विकलेला बघायला राहिला नाही.

मुद्दा असा. मालकी दुसऱ्याकडे गेली की विकायचं कधी, कितीला, विकायचं की नाही, हे सगळं दुसरा ठरवतो. तो वाईट असतोच असं नाही. त्याच्याकडे शंभर माल असतात, तुमच्याकडे एकच.

धडा ४ : मालकी परवडते का? आकडे मांडू

भावनेवर धंदा चालत नाही. आता हिशोब करू. खालचे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून धरले आहेत. तुम्ही स्वतः तीन ठिकाणी चौकशी करून तुमचे खरे दर टाका.

स्टुडिओ, २ दिवस, रोज १५,००० : ३०,००० रुपये
मिक्सिंग, ८ ट्रॅक, प्रत्येकी ४,००० : ३२,००० रुपये
मास्टरिंग, ८ ट्रॅक, प्रत्येकी १,५०० : १२,००० रुपये
फोटो आणि कव्हर डिझाइन : १०,००० रुपये
तिघांचा प्रवास, राहणं, जेवण : १२,००० रुपये
ऑनलाइन वितरण आणि किरकोळ : ४,००० रुपये
एकूण : १,००,००० रुपये

दोनच दिवस का पुरतात? कारण जॅझमध्ये तिघंही एकाच वेळी, एकमेकांचं ऐकत वाजवतात. एकेकाचं वेगळं रेकॉर्डिंग करून नंतर जोडत बसायचं नाही. पण अट एकच : तयारी घरून करून जायची. स्टुडिओत जाऊन सराव करणं म्हणजे मीटर चालू असलेल्या रिक्षात बसून पत्ता शोधणं.

आता एक लाखाला तिघांनी भागा. प्रत्येकी साधारण ३४ हजार. दर महिन्याला प्रत्येकाने ३ हजार बाजूला टाकले तर महिन्याचे ९ हजार होतात आणि बारा महिन्यांत १ लाख ८ हजार. म्हणजे एक वर्ष थांबलं की कंपनीची गरजच नाही. हाच दहा जणांचा वाद्यवृंद असता, गायक असता, तर गणित वेगळं झालं असतं. लहान संच असण्याचा हा फायदा.

मग हे एक लाख परत कसे येणार?

फक्त स्ट्रीमिंगवर बसाल तर हिशोब ऐका. समजा एका स्ट्रीमला सरासरी १० पैसे मिळाले. एक लाख वसूल व्हायला १० लाख स्ट्रीम लागतील. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे : मागच्या १२ महिन्यांत ट्रॅकला किमान १,००० स्ट्रीम नसतील तर रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. गायकाशिवायच्या संगीताला हा रस्ता लांबचा आहे.

थेट विक्री बघा. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी डिजिटल अल्बमवर १५ टक्के कमिशन कापतात. किंमत ३०० रुपये ठेवली तर ४५ कमिशन, समजा २० पैसे चुकते करण्याच्या सोयीचे. हातात २३५ उरले. १,००,००० भागिले २३५ म्हणजे ४२६ गिऱ्हाइकं. दहा लाख अनोळखी स्ट्रीम आणि सव्वाचारशे खरी माणसं. कुठलं टार्गेट डोक्यात बसतं?

आता मिसळ करू.

१५० जणांना थेट विक्री, प्रत्येकी २३५ : ३५,२५०
१२ कार्यक्रम, प्रत्येकातून अल्बम फंडात ४,००० : ४८,०००
एका लघुपटाला किंवा जाहिरातीला धून वापरायचा परवाना, समजा : १५,०००
१७,५०० स्ट्रीम, १० पैशांनी : १,७५०
एकूण : १,००,०००

हा झाला ब्रेक-इव्हन. यातली तिसरी ओळ नीट बघा. लघुपटाला धून वापरू देण्याचे १५ हजार तुम्हाला कधी मिळतील? मालकी तुमच्याकडे असेल तरच. सही करून दिली असेल तर तो फोन कंपनीला जाईल. आणि रचना सगळ्या स्वतःच्या असल्यामुळे दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही, दुसऱ्या कोणाला वाटा द्यावा लागत नाही.

धडा ५ : आधी गिऱ्हाईक, मग माल

पैसे नसतील तर काय? अमेरिकेतल्या मारिया श्नायडर या जॅझ संगीतकार बाईंनी याचं उत्तर दिलं. आर्टिस्टशेअर नावाच्या वेबसाइटवर त्यांनी श्रोत्यांकडून आगाऊ पैसे घेतले. बदल्यात श्रोत्यांना रचना कशी घडते ते बघायला मिळालं. त्यातून २००४ मध्ये 'कॉन्सर्ट इन द गार्डन' तयार झाला. दुकानात ठेवलाच नाही, फक्त इंटरनेटवरून विकला. २००५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. दुकानात न विकलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळण्याची ती पहिली वेळ होती.

त्याच आर्टिस्टशेअरवर जिम हॉल हे ज्येष्ठ जॅझ गिटारवादकही आले. त्यांचा 'मॅजिक मीटिंग' हा २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये रेकॉर्ड झालेला अल्बम गिटार, बास आणि ड्रम अशा ट्रायोचाच. सत्तरी ओलांडलेला, नाव कमावलेला माणूसही थेट श्रोत्यांकडे गेला. मग तुम्हाला लाज कसली?

आपल्याकडे हे नवं नाही. दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी होते, मोसंबीची बाग फळं झाडावर असतानाच ठरते. फरक एवढाच की आगाऊ पैसे घेतले की तारीख पाळायची. एकदा तारीख चुकली की पुढच्या वेळी कोणी पैसे देत नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं तर मुंबईचे गिटारवादक वॉरन मेंडोन्सा बघा. ते जॅझ नाही, ब्लूज-रॉकच्या अंगाचं वाजवतात. पण 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने २००७ पासून स्वतंत्रपणे, मुख्यतः गायकाशिवायचे गिटारचे अल्बम काढत आलेत. एका अल्बमवर न थांबता एकापाठोपाठ एक काढत राहिल्यामुळे श्रोता टिकतो.

धडा ६ : हळू उगवणारं बी

१९७६ मध्ये जर्मनीतल्या ईसीएम या छोट्या स्वतंत्र कंपनीने एका विशीतल्या गिटारवादकाचा पहिला अल्बम काढला. पॅट मेथिनी, बासवर जॅको पास्टोरियस, ड्रमवर बॉब मोझेस. अल्बमचं नाव 'ब्राइट साइझ लाइफ'. जवळजवळ सगळ्या रचना मेथिनीच्या स्वतःच्या. निघाला तेव्हा फार गाजावाजा झाला नाही. आज जॅझ गिटार शिकणारा प्रत्येक जण तो ऐकतो, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत तो घेतल्याचं जाहीर झालं.

असा माल पहिल्या महिन्यात विकला जात नाही, वर्षानुवर्षं थोडा थोडा विकला जातो. म्हणून "कायमचं" या शब्दाची किंमत आज ५० हजार वाटली तरी ती काढायची असते वीस-तीस वर्षांच्या हिशोबाने.

सही करण्याआधी सहा प्रश्न

कंपनी नेहमी शत्रू असते असं मी म्हणत नाही. ती पैसा आणते, ओळखी आणते, जोखीम घेते. तुमच्याकडे पैसा नाही, वेळ नाही, तर तिच्याबरोबर जा. पण हे विचारून जा.

१. विकताय की वापरायला देताय? हक्क कायमचे देणं म्हणजे खरेदीखत. परवाना देणं म्हणजे भाडेकरार. शक्य असेल तर भाडेकरार करा.

२. किती वर्षं? हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणूनच समोरचा माणूस 'कायमचं' आणि 'जगभर' हे दोन शब्द न विसरता लिहितो. तुम्ही ते न विसरता वाचा.

३. माल पडून राहिला तर? हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर ते परत येतात, असं कायदा सांगतो. पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. 'कोकण डान्स' आठवा आणि ते कलम शोधा.

४. रचना आणि रेकॉर्डिंग वेगळं लिहिलंय का? एकाच ओळीत दोन्ही गुंडाळलेलं असतं. रेकॉर्डिंगचे हक्क द्यायची वेळ आलीच तरी रचना स्वतःकडे ठेवा.

५. रॉयल्टीचं काय? २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाबाहेरच्या रेकॉर्डिंगसाठी रचनेचे हक्क दिले तरी तिच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मागण्याचा संगीतकाराचा हक्क राहतो. तो गोळा करायला आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था आहे, तिचं सदस्यत्व घेता येतं.

६. नाव कुठे येणार? प्रत्येक ट्रॅकवर रचनाकार, वादक, तारीख लिहा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड असतो, तो तुमच्याकडे नोंदवून ठेवा.

मी वकील नाही. मोठी सही करण्याआधी कॉपीराइट समजणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. त्याची फी नंतरच्या पश्चात्तापापेक्षा स्वस्त पडते.

आणि घरातला करार?

कंपनीशी भांडायच्या आधी तिघांनी आपसात कागद करायला हवा. मी विचारलं, "रचना कोणाच्या?" गिटारवाला म्हणाला, "माझ्या." बासवाला गप्प बसला. ड्रमवाला म्हणाला, "तिसरीची सुरुवात तर माझ्या ठेक्यावरून सुचली होती ना?"

हे आत्ता बोललं गेलं म्हणून बरं. पैसे आल्यावर बोललं असतं तर ट्रायो मोडला असता. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार काही ठरवलेलं नसेल तर नफा भागीदारांत सारखा वाटला जातो. तुम्हाला वेगळं हवं असेल तर ते लिहावंच लागतं. मी त्यांना एक साधा कागद करायला लावला : प्रत्येक रचनेपुढे कोणाचा किती टक्के वाटा, रेकॉर्डिंगमध्ये तिघांचा सारखा वाटा, एक जण सोडून गेला तर त्याचा वाटा त्याच्याकडेच राहील पण निर्णय उरलेले घेतील, आणि कोणतेही हक्क विकायचे तर तिघांची सही लागेल. एक पान. अर्ध्या तासात झालं.

मग सोमवारी काय झालं?

रविवारी मी गिटारवाल्याच्या घरी गेलो. वडिलांची शेडनेट आहे, मिरचीचा सीड प्लॉट घेतात. पोराच्या संगीतावर फारसा विश्वास नव्हता. ५० हजार येतायत म्हटल्यावर "घेऊन टाक" असंच म्हणत होते. मी त्यांना जॅझ समजावलं नाही. एवढंच म्हणालो, "काका, कंपनी मादी आणि नर दोन्ही वाण कायमचं मागतेय, आणि वाण पोराने स्वतः तयार केलंय."

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग पोराकडे बघून म्हणाले, "वाण देऊ नको. बी दे."

सोमवारी त्यांनी कंपनीला उत्तर पाठवलं : रचना आमच्याकडे राहतील, रेकॉर्डिंग पाच वर्षांच्या परवान्यावर देऊ, ५० हजारांऐवजी कमी द्या. कंपनीचं उत्तर आलं नाही. अजूनही नाही. पोरं नाराज झाली, हे लपवत नाही. ५० हजार हातातून गेलेच. आता दर महिन्याला तिघं ३-३ हजार टाकतायत, कार्यक्रमात वहीवर आगाऊ नोंदणी घेतायत आणि आठही रचना न थांबता वाजतील असा सराव करतायत. अल्बम चालेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण चालला तर तो त्यांचाच असेल.

तुमच्यासाठी गृहपाठ

वहीचं एक पान घ्या. मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला लिहा : माझ्या धंद्यात मी काय करून देतो, ज्याचे एकदाच पैसे मिळतात. उजव्या बाजूला लिहा : माझ्या धंद्यात माझ्या मालकीचं काय आहे, जे उद्याही कमाई देईल. रेसिपी, डिझाइन, नाव, नोट्स, गिऱ्हाइकांची यादी, काहीही. उजवी बाजू रिकामी असेल तर घाबरू नका, पण या वर्षी तिथे एक ओळ तरी आली पाहिजे.

पान भरलं की व्हिडिओखाली कमेंटमध्ये तुमची उजव्या बाजूची एक ओळ लिहा. पुढच्या भागात त्यातली काही उदाहरणं घेऊन ती कागदावर सुरक्षित कशी करायची ते बघू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत कुठेही सही करायच्या आधी कागद दोनदा वाचा!